सोवळ्याचं कपाट आणि नातीचा अँटिव्हायरस

लॅपटॉप माझा, टेबल माझं, त्यावर पसरलेली बोटंही माझीच. तरी त्यात काही नवीन घालायचं झालं की नातीकडे पासवर्ड मागायचा. मध्यंतरी मी कुठलंसं पंचांग उतरवून घेतलं होतं. त्याच्याबरोबर नको नको ते सामानही आत आलं आणि तिथीच्या जागी वजन कमी करण्याच्या जाहिराती दिसायला लागल्या. त्या दिवसापासून नातीने माझे अधिकार काढून घेतले.

"आजी, तू आता स्टँडर्ड यूजर."

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे बघायचं, वाचायचं, टाइप करायचं. घरातल्या कपाटांना हात लावायचा नाही."

मी म्हटलं, अगं, हे मला चांगलं ठाऊक आहे. लग्न होऊन आले तेव्हा मी हेच होते.

ही नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. मुलगा-सून बदलीच्या गावी असतात आणि ही कोथरूडला माझ्याकडे राहते. रोज कंपनीच्या गाडीने खराडीला जाते. तिच्या कंपनीत अँटिव्हायरस तयार करतात आणि तो नीट चालतो की नाही हे तपासायचं काम हिचं. नोकरी नवी, अजून पक्की झालेली नाही. कायम करायचं की नाही ते त्या महिन्याच्या अखेरीस ठरायचं होतं. अँटिव्हायरसची बाजारात अजून न आलेली नवी आवृत्ती तिने आधी माझ्या लॅपटॉपवर घातली होती. "घरचं गिऱ्हाईक," असं वर म्हणाली. सोमवारी ती आवृत्ती सगळ्या जगासाठी निघायची होती.

त्या शनिवारी सकाळी ती पोहे खात होती आणि मी तिला माझा पराक्रम सांगत होते.

पराक्रम असा. मला पाच-तीन-दोन खेळायचं होतं. बिल्डिंगमधल्या बायकांना हल्ली गुडघे आणि सुना या दोन विषयांपुढे पत्ते सुचत नाहीत, म्हणून संगणकाशी खेळावं म्हटलं. खेळ उतरवला, तर अँटिव्हायरसने त्याला पकडून क्वारंटाइनमध्ये टाकलं. करोनात आपल्याला टाकत होते ना, तसंच. मी पकडलेल्यांच्या यादीत जाऊन पाहिलं. पकडलेला माल सोडून द्यायचं एक बटण होतं आणि त्याच्याखाली विचारलं होतं की मूळ जागी ठेवू की दुसरीकडे? मूळ जागी ठेवला तर पुन्हा पकडणार, हे मला कळत होतं. मग मी विचार केला, वॉचमन सगळ्या बिल्डिंगभर चोर शोधतो, स्वतःच्या केबिनमध्ये शोधतो का? म्हणून मी त्याला अँटिव्हायरसचंच फोल्डर दाखवलं. "इथे ठेव."

"आणि?" नात म्हणाली.

"आणि ठेवलं की त्याने. मुकाट्याने."

"पासवर्ड नाही मागितला?"

"नाही बाई. तुझ्यापेक्षा सभ्य आहे तो."

तिचा घास हातातच राहिला. मग बशी बाजूला सारून तिने लॅपटॉप ओढला आणि ते फोल्डर उघडून बघायला लागली. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, मी पुन्हा वजन कमी करणाऱ्यांना घरात घेतलं.

"आजी, त्या फोल्डरमध्ये फाइल ठेवायला मलासुद्धा ॲडमिन व्हावं लागतं. तुला तिथे हात लावायची परवानगीच नाही."

"मी कुठे हात लावला? त्याने ठेवलं."

"तेच तर!" ती जवळजवळ ओरडली. मग माझ्यासाठी सोपं करून सांगितलं. अँटिव्हायरस संगणकात सगळ्यात मोठा अधिकारी असतो, त्याला कुठेही जाता येतं. आपण साधी माणसं त्याला काम सांगतो. सांगणाऱ्याला त्या जागेचा अधिकार आहे का, हे त्याने आधी बघायला हवं. ते न बघता तो स्वतःच्या अधिकाराने काम करून मोकळा झाला. याला लोकल प्रिव्हिलेज एस्केलेशन म्हणतात. म्हणजे घरात आधीच असलेल्या सामान्य माणसाने मालकाचे अधिकार मिळवायचे.

"मग सांग ना तुझ्या साहेबांना. बक्षीस देतील."

 ती हळूच म्हणाली, "आजी, ती माल सोडवायची विंडो तपासून मीच पास केलीय."

तिने लगेच साहेबांना फोन लावला. ते मंडईत होते. मागून "कोथिंबीर घ्या, ताजी कोथिंबीर" ऐकू येत होतं.

"लोकल ना?" साहेब म्हणाले. "म्हणजे मशीनवर आधीच कुणीतरी बसलेलं पाहिजे. बाहेरून येता येत नाही ना?"

"नाही सर."

"आणि फाइल नुसती ठेवता येते. चालवता येते का?"

"अजून... नाही माहीत, सर."

"मग धोका मीडियम म्हणून टाक. पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. अहो, मेथी निवडून द्या जरा, चिखल नको! सोमवारचं रिलीज यासाठी थांबवता येणार नाही, काय?"

फोन ठेवून ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली. त्या तपासणीवर स्वतःची सही आहे ते तिने सांगितलंच नव्हतं आणि साहेबांनी विचारलंही नव्हतं. गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. महिना सरला असता, नोकरी पक्की झाली असती. माझा सल्ला विचाराल तर मी तिला गप्पच बस म्हणणार होते. आजीचं काळीज, दुसरं काय. पण तिने विचारलं नाही. तिचं तोंड इतकं उतरलं होतं, की मी तिला हसवायला म्हणून माझी नानकटाईची गोष्ट काढली.

ती अशी. लग्न झालं तेव्हाची मी म्हणजे दीड शहाणी. दोन वेण्या घालून सासरी आलेली आणि आपल्याइतकं हुशार पुण्यात कुणी नाही अशी खात्री असलेली. घरात दोन दीर. खायची वस्तू त्यांच्या नजरेस पडली की संपली. एकच जागा सुरक्षित होती, ती म्हणजे सासूबाईंचं सोवळ्याचं कपाट. नैवेद्याचं, उपासाचं सगळं त्यात. आंघोळ करून सोवळं नेसलेल्या सासूबाईंनीच ते उघडायचं. आम्ही ओवळ्यातली माणसं, म्हणजे बाकीचं सगळं घर, त्याच्या जवळसुद्धा जायचो नाही.

एकदा माझा भाऊ माहेरून आला. आईने सोवळ्यात केलेले राजगिऱ्याचे लाडू त्याने आणले होते आणि माझ्यासाठी गुपचूप आमच्या गल्लीतल्या बेकरीतली नानकटाई. मैदा, वनस्पती, बेकरी. सोवळ्याच्या दृष्टीने यातलं काय जास्त वाईट हे मला अजून ठरवता आलेलं नाही. या दीड शहाणीने काय करावं? डब्याच्या तळाला नानकटाई, वर कागद, कागदावर लाडू. "सासूबाई, आईने उपासाचे लाडू पाठवलेत, सोवळ्यातले. आत ठेवता का?" सासूबाईंनी झाकण उघडून वरचे लाडू पाहिले, डब्यावरून पाण्याचा हात फिरवला आणि स्वतःच्या हाताने डबा कपाटात ठेवला.

केवढा आनंद मला! रात्रभर मी स्वतःच्याच बुद्धीवर खूश. सकाळी लक्षात आलं की आत घालायची युक्ती केली, बाहेर काढायची केलीच नाही. कपाटाला मला हात लावता येत नाही. माझी नानकटाई माझ्यापासूनच सुरक्षित.

इथे नात थोडी हसली. मला उत्साह आला.

मग एकादशी आली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, एकादशीला पाणीसुद्धा मोजूनमापून पिणारे. सासूबाईंनी त्यांना त्या डब्यातले लाडू दिले. वरचे संपले, तसं सासूबाईंनी न बघताच कागदाखालचं वाढलं. मामंजींनी चष्मा न लावताच पुढचा घास घेतला आणि म्हणाले, "वा, हा फार खुसखुशीत झालाय हो. अजून एक द्या." सासूबाईंनी ताटात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी अशी उभी, की जणू मला नानकटाई हा शब्दच माहीत नाही.

"अहो," सासूबाई म्हणाल्या, "हे जरा निराळं दिसतंय. थांबा."

आणि मामंजी म्हणाले, "सोवळ्याच्या कपाटातलं आहे ना? मग झालं तर." आणि खाल्लं.

सासूबाई मला एवढंच म्हणाल्या, "तुझ्या आईला म्हणावं, या लाडवांची कृती पाठवा." आणि मी बावळट वर मान डोलावून म्हणते, "हो, सांगते."

मला वाटलं आता नात खो खो हसेल. ती हसलीच नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"पणजोबा काय म्हणाले? पुन्हा सांग."

"सोवळ्याच्या कपाटातलं आहे ना, मग झालं तर."

"आजी, तू ऊठ. इकडे ये."

तिने मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी स्टूल घेतलं. अँटिव्हायरस चालू होताना आपल्या फोल्डरमध्ये मदतनीस फायली शोधतो आणि तिथे जे सापडेल ते आपलंच समजून चालवतो, असं ती भराभर सांगत होती. बाहेरची फाइल असती तर त्याने दहा वेळा तपासली असती. स्वतःच्या घरातली कशाला तपासेल? तिने एक छोटी निरुपद्रवी फाइल तयार केली. चालली की आपण कोणाच्या अधिकाराने चाललो एवढंच ती लिहून ठेवणार होती. त्या फाइलला तिने मदतनीसाचं नाव दिलं. मग अँटिव्हायरसला ती मुद्दाम पकडायला लावली.

"आता तू सोडव. मी नाही. मी ॲडमिन आहे, तू साधी."

"साधी म्हणे," मी म्हटलं आणि बटण दाबलं. दुसरीकडे ठेव, तुझ्या केबिनमध्ये. ठेवलं. मग लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. तो चालू होईपर्यंत ती माझा दंड धरून बसली होती. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी धरायची, तसा.

उत्तर आलं. फाइल सगळ्यात मोठ्या अधिकाऱ्याच्या नावाने चालली होती. म्हणजे माझ्यासारखी म्हातारी, किंवा माझ्या नावाने आत शिरलेला कुठलाही भामटा, त्या लॅपटॉपचा मालक होऊ शकत होता.

नात आनंदाने उडी मारून उठली आणि लगेच खाली बसली. आता पुढचा फोन काय असणार, हे तिला कळलं होतं. मलाही.

या वेळी साहेब घरी होते. व्हिडिओवर त्यांच्यामागे मेथीची जुडी दिसत होती. नातीने सगळं करून दाखवलं. बटण मीच दाबलं. साहेबांनी मला नमस्कार केला. मी म्हटलं, "अहो, लोकल म्हणून सोडून देऊ नका. घरातलं माणूस काय करू शकतं, ते आमच्या पिढीच्या सुनांना विचारा." साहेब हसले नाहीत. पुढे वाकून पडदा बघत होते.

"हे टेस्टिंगमधून सुटलं कसं?" ते म्हणाले. "ही विंडो कुणी पास केली?"

मी कॅमेऱ्याच्या बाहेर हात हलवून नातीला खूण केली, नेट गेलं म्हण. खोटं नाही सांगत, खरंच केली.

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. "मी, सर. सगळं ॲडमिन म्हणूनच तपासलं. साध्या यूजरने करून पाहिलं नाही. एकदाही नाही."

साहेब पडद्यापासून मागे सरकले. मागची मेथी पुन्हा दिसायला लागली.

"तुझं कन्फर्मेशन याच महिन्यात आहे ना?"

"हो सर."

"हं." मग त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. "रिलीज थांबवायला मी वर फोन करतो. शिव्या मी खातो. कसं सुटलं ते सोमवारी सगळ्यांसमोर तू सांग. नमस्कार आजी."

रविवारभर ती घरात पाय न वाजवता फिरत होती. मी श्रीखंड केलं, ते तिने चमच्याने नुसतं उकरलं. नोकरी जाईल का गं, असं तिने एकदाच विचारलं. मी म्हटलं, जाणार नाही. हे मी कशाच्या आधारावर म्हटलं ते मला विचारू नका.

सोमवारी संध्याकाळी खराडीहून आली ती दारातच उभी राहून म्हणाली, "पुढे ढकललं."

"काय? रिलीज का तुला?"

"दोन्ही."

चप्पल काढता काढता तिचे डोळे भरले आणि त्याच वेळी तिला हसूही येत होतं. दुरुस्ती तिच्याच हातून तपासून घ्यायची असं ठरलं होतं, म्हणाली. ती पुरी होईपर्यंत हिची नोकरी कच्चीच. मी पुढे काही विचारलं नाही, ताट वाढलं. जेवताना तिने आपण होऊन आणखी एक पोळी मागितली. ही मुलगी मनातून खट्टू असली की पोळी मागत नाही. मी तव्यावरची गरम वाढली आणि तूप जरा जास्तच सोडलं.