काकांनी संपू न दिलेला गेम

सुरुवातीलाच माफी मागतो. कुणाचं व्यक्तिचित्र लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. आमच्या आरोंद्याच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराखेरीज सलग दोन पानं मी आजवर कधी लिहिलेली नाहीत. त्यातून ज्यांच्याबद्दल लिहायचं ते काका रविवारी दुपारी कॉम्प्युटरवर गेम खेळतात, एवढीच त्यांची कीर्ती. अशा माणसावर लिहितात का, हे मी आमच्या सरांना विचारणार होतो, पण धीर झाला नाही. तरी लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या आत्याच्या दिरांइतका भित्रा माणूस आख्ख्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर सापडणार नाही, आणि जगातला सगळ्यात भयंकर भुताचा गेम त्यांच्याइतक्या निष्ठेने हरलेला माणूसही सापडणार नाही. कॉलेजसाठी मी आत्याकडे राहतो, त्यामुळे त्यांना काकाच म्हणतो. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही. तोंडवलीला आत्याच्या घराला लागून पर्यटकांसाठी दोन खोल्या चालवतात. पालीला भितात, इंजेक्शनला भितात, लग्नातल्या फटाक्यांना भितात. पर्यटकाने अंधार पडल्यावर गरम पाणी मागितलं, तर आत्याला पुढे घालून स्वतः तिच्या मागून बादली घेऊन जातात. एकदा दाढ काढायला मालवणला गेले होते. डॉक्टरांनी तोंडावर दिवा लावताच खुर्चीतून उठले, "आता बरां वाटता" म्हणाले, डॉक्टरांना नमस्कार केला आणि सुजलेला गाल घेऊन पहिल्या एसटीने परत आले. असा हा माणूस तो गेम खेळायचा तोही भर दुपारी, मासे-भात जेवून झाल्यावर, सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून. त्यावर मी हसलो तर म्हणायचे, "अरे मेल्या, काळोखात बसान भुतां बघूची, ही काय शाण्या माणसाची कामां?"

गेम असा आहे. चौघांनी मिळून एका बुडालेल्या खाणीत उतरायचं. खाली गंजलेल्या वाटा, गुडघाभर पाणी आणि अंधार. त्या अंधारात एक राक्षस फिरत असतो. त्याला डोळे नाहीत, फक्त कान आहेत. खेळणारा माणूस आपल्या घरी बसून माइकवर जे बोलतो ते त्या राक्षसाला ऐकू येतं आणि तो आवाजाच्या दिशेने येतो. एक जण पडला तर दुसऱ्याने जाऊन त्याला उचलायचं. शेवटी लिफ्टपाशी पोचायचं आणि चौघांनी एकत्र वर यायचं. तिघे वर आले तर चालत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू. हा गेम शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा हरण्यासाठीच बनवलेला आहे. पैसे देऊन, वेळ काढून, इतकी हार माणूस का विकत घेतो, असं मी काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "जिंकान सगळे आपापल्या घरा जातत. हरलेले परत येतत." तेव्हा मला ते विनोदाने म्हटलेलं वाटलं.

आमचे चौघे म्हणजे काका, त्यांच्याच खोलीत कोपऱ्यात माझा जुना लॅपटॉप घेऊन बसलेला मी, वेंगुर्ल्याच्या एका मासळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा इम्तियाज, जो आम्हाला या गेममध्येच भेटला होता आणि ज्याचा नुसता आवाज आम्हाला माहीत होता, आणि चौथा दादा, म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा, काकांचा सख्खा पुतण्या. आता कुठल्याही कामाआधी गाऱ्हाणं घालायचं ही आमच्याकडची रीत. गाडी घेतली, होडी पाण्यात सोडली, घराला कौलं चढवली, की देवाला मोठ्याने साकडं घालायचं आणि जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. काकांनी ही रीत खाणीतही नेली. लिफ्ट खाली उतरली की ते हात जोडून खणखणीत आवाजात सुरू करायचे, "बा देवा म्हाराजा, आज ही चार लेकरां ह्या काळोखात उतारतत..." इम्तियाज तिकडून "व्हय म्हाराजा" म्हणायचा, मी म्हणायचो. "तर त्यांका सुखरूप भायर काढ रे म्हाराजा!" आणि "व्हय म्हाराजा" होईपर्यंत राक्षस येऊन उभा राहिलेला असायचा. एकदा तर आम्ही श्वास धरून लपलो होतो आणि बाहेर रस्त्यावरून मासेवाली स्कूटरचा भोंगा वाजवत "बांगडो, बांगडो" ओरडत गेली. राक्षसाने आम्हा दोघांना गिळलं. काका खिडकीत जाऊन तिला म्हणाले, "बाय माझे, तुझ्या बांगड्यापायी दोघे मेले!" ती बिचारी घाबरून दोन बांगडे फुकट देऊन गेली.

हे सगळं हसण्यासारखंच होतं, दादाची गोष्ट मधे नसती तर. आत्याचे यजमान रापणकर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. दोर धरायला जो येईल त्याला मासळीत वाटा. दादा मात्र एक हंगाम एलईडी दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या बोटीवर कामाला गेला. त्या दिव्यांमुळे किनाऱ्याला मासळी येत नाही, म्हणून रापणकरांचा त्या बोटींवर राग. परत आल्यावर तो सवयीने दोर धरायला पुढे झाला, तेव्हा त्याच्या वडिलांनी सगळ्या गावासमोर सांगितलं, "माझ्या जाळ्याक हात लावू नको." दादाने दोर सोडला, घरी येऊन बॅग भरली आणि गेला. कुठे गेला ते कुणाला सांगितलं नाही, नंबर बदलला. मागे राहिला तो त्याचा कॉम्प्युटर आणि त्यातला हा गेम, जो त्याने पूर्वी काकांना हौसेने शिकवला होता. काही महिन्यांनी एका रविवारी काका एकटेच तो उघडून बसले असताना खाणीत दादाचं नाव उजळलं. आणि आवाज आला, "काका, डावीकडे बघा, डावीकडे!"

एवढंच. तो घरचं काही बोलायचा नाही. काकांनी "खंय आसस रे?" विचारलं की गप्प व्हायचा, आणि दुसऱ्यांदा विचारलं की जायचा. म्हणून काकांनी विचारणं सोडलं. "पळा", "वाकून चला", "बॅटरी बंद करा" एवढ्या शब्दांतून ते पुतण्याची खुशाली काढायचे आणि खेळ संपला की आत्याला जाऊन सांगायचे, "वयनी, आज घसो बसल्यासारखो वाटता, आवशीच्या, तुझ्या हातचो काढो होयो होतो." नाहीतर, "आज तोंडात कायतरी चघळत होतो, म्हणजे जेवलेलो आसा." आत्याचे यजमान ओटीवर जाळं विणत बसलेले असायचे. ते मान वर करायचे नाहीत, पण त्यांचे हात थांबायचे, हे मी पाहिलं आहे.

मग आत्या स्वतःच येऊन काकांच्या शेजारी बसू लागली. हेडफोनची एक बाजू काकांच्या कानाला, एक तिच्या. राक्षस गुरगुरला आणि मुलाचा आवाज बुडाला की ती चिडायची, "शिरा पडो ह्याच्या तोंडार, माका माझ्या झिलाचो आवाज आयकांदे!" तिने बोलायचं नाही असं ठरलं होतं, आणि तिने ते पाळलंही. फक्त एका रविवारी काका आणि दादा एकाच पिंपामागे लपून बसले होते, दादा पुढे, बराच वेळ सगळं शांत होतं, दादाच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता. आत्याला राहवलं नाही. माइकपाशी तोंड नेऊन ती हळूच म्हणाली, "जेवलंस काय रे, बाबू?"

राक्षसाने ऐकलं. तो वळला आणि सरळ दादावर गेला. दादाने काही उत्तर दिलं असेल तर ते त्या आरडाओरड्यात बुडालं. पडद्यावर त्याचं नाव लाल झालं. आत्या काकांना म्हणाली, "ह्या मी केलंय?" काका म्हणाले, "नाय गो वयनी, नेट स्लो होतो." पुढचे तीन रविवार दादा आला नाही. तीनही रविवार आत्या दार लावून स्वयंपाकघरात बसली, आपला श्वासही तिकडे ऐकू जाईल अशी तिला भीती वाटत होती.

चौथ्या रविवारीही आत्या स्वयंपाकघरातच होती, तेव्हा तो आला आणि म्हणाला, "काका, हा एकदाचो संपवया. चारय भायर पडलो की मी ह्या सोडून देतलंय. मगे माका शोधू नका." काका "बरां" म्हणाले. त्या दिवशी आम्ही जसं खेळलो तसं कधीच खेळलो नव्हतो. गाऱ्हाणंसुद्धा काकांनी मनातल्या मनात घातलं. इम्तियाज पडला, दादाने त्याला उचललं. मी पडलो, काकांनी उचललं. आम्ही तिघे लिफ्टमध्ये शिरलो. राक्षस लांब होता. काका दाराबाहेर दोन पावलांवर उभे होते. दादा ओरडला, "काका, या! या!" काका उभेच राहिले. दार मिटत आलं आणि काका वळून पुन्हा काळोखात चालू लागले. आम्ही गेम हरलो. काका म्हणाले, "अरे, नेट गेलो माझो." आम्ही दोघं एकाच वायफायवर होतो आणि माझं नेट व्यवस्थित चालू होतं. दादा म्हणाला, "काका, तुमी मुद्दाम केलास." आणि त्याचं नाव विझलं.

त्यानंतर काका दर रविवारी बसत राहिले. चौथी जागा रिकामी. इम्तियाज म्हणायचा, कुणीतरी दुसरा घेऊया, तिघांनी हा गेम होणार नाही. "ती जागा आसा त्येची," काका म्हणायचे. चौघांना न जमलेला गेम आम्ही तिघे खेळायचो, दहा मिनिटांत मरायचो आणि पुन्हा उतरायचो. काकांना आता राक्षसाची भीती वाटेनाशी झाली होती. मला मात्र त्यांची भीती वाटायला लागली होती. त्यांनी दाढी करणं सोडलं, खोल्यांचे फोन घेणं सोडलं. मी अभ्यासाचं निमित्त काढून उठू पाहिलं की म्हणायचे, "एकच डाव. एवढ्यात येतलो तो."

गेल्या महिन्यात बहिणीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला इम्तियाज पहिल्यांदाच तोंडवलीला आला. त्या आवाजाचा माणूस एवढा बुटका असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं, आणि काका एवढे म्हातारे असतील असं त्याला. दोघे एकमेकांकडे बघून हसले. कितीतरी दिवसांनी मी काकांना हसताना पाहिलं. आत्या चहा घेऊन आली. इम्तियाज खुर्चीत टेकत म्हणाला, "काकानू, आता आपण काय ता करूया. तुमच्या पुतण्यान तर संपवलो गेम. तुमका ठावक आसतलाच."

काका म्हणाले, "कधी?"

"मागच्याच महिन्यात. दुसऱ्या तिघांवांगडा. माझ्या यादीत त्येच्या नावापुढे जिंकलेल्याची खूण इली आणि दुसऱ्या दिवसापासून नावच नाय. खातांच बंद केल्यान." मग काकांचा चेहरा बघून तो घाबरला. "माका वाटला, त्येना तुमका सांगितल्यान आसतला."

मग काकांनी विचारलं, "चारय जण भायर पडले मां? कोण मागे ऱ्हवलो नाय?"

"नाय काकानू. चारय."

"जिंकलो?" आत्या म्हणाली. "माझो झील जिंकलो?" तिने चहाचा ट्रे तसाच टेबलावर ठेवला आणि पदराने तोंड पुसत ती हसली, मग ओटीच्या दिशेने मोठ्याने म्हणाली, "आयकलास काय? झील जिंकलो तुमचो!" ओटीवर जाळं विणणारे हात थांबले. ती काकांकडे वळली. "मगे आता रविवारी कितक्या वाजता येतलो तो?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. ते म्हणाले, "वयनी, चाय दी त्या पोराक. थंड जाता."