भरतीचं पुस्तक

आमच्या कुंभकोणच्या कचेरीतले थोरले कारकून कुठलाही वाद मिटवायचा झाला की चष्मा कपाळावर सरकवीत आणि म्हणत, "छापील आहे." सारा जन्म कुंभकोणच्याच मेलकावेरी भागात गेलेला, समुद्र कधी पाहिलेला नाही, पण मद्रासेहून आलेलं भरती-ओहोटीचं पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं.

चैत्रात कचेरीच्या साहेबाला समुद्रकाठी जाऊन खाडीच्या तोंडाशी गळ टाकायची हौस आली. चढत्या पाण्याबरोबर मासे आत शिरतात, म्हणून कारकुनांनी पुस्तकातून भरतीची वेळ काढून दिली. ते आणि त्यांचा नकलनवीस मी, दोघेही बरोबर गेलो. नाव वल्हवणारा म्हातारा कोळी पाण्याकडे पाहून तमिळमध्ये म्हणाला, "ऐया, पाणी उतरायला लागलं. इथली भरती मद्रासेला विचारून येत नाही."

"छापील आहे," कारकून म्हणाले.

घटकाभरात नाव चिखलात रुतली. मासा एकही लागला नव्हता. गुडघाभर चिखल तुडवीत साहेब काठावर आला आणि ओरडला, "या कोळ्याचा परवाना रद्द करा! उद्या अहवाल पाहिजे."

कोळी हात जोडून उभा राहिला. कारकून त्याच्याकडे बघेनात. मला धास्तीच वाटली, कारण खालच्या माणसाच्या माथी दोष मारण्यात त्यांच्याइतका सफाईदार हात कचेरीत दुसरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी कारकुनांनी लिहिलेला अहवाल माझ्याकडे नक्कल करायला आला. त्यात कोळ्याचा उल्लेखच नव्हता. लिहिलं होतं: "समुद्र नेमल्या वेळेपूर्वीच निघून गेला. कारण कळविले नाही."

साहेबाने तो दोनदा वाचला आणि सही केली.