मी "झालं" म्हणालो, पण फोन पुढं गेला नाही

माणसांना झोपवायचं आणि परत उठवायचं, यातच माझं आयुष्य गेलं. मी भूलतज्ज्ञ, आता सत्तरी उलटलेला. चमत्काराच्या गोष्टी कोणी सांगू लागलं की मी त्याची नाडी बघायचो! आज स्वतःच लिहितोय... कारण केशोरी गावात माझ्या नावावर एक खोटं जमा आहे, ते खोडायचं आहे.

निवृत्तीनंतर मी गोंदियाहून दर आठवड्याला केशोरीच्या एका लहान दवाखान्यात जातो. तो चालवते डॉ. मेघना, माझ्या नातीच्या वयाची. तिच्या फोनमध्ये एक बोलणारा सहायक आहे — रोग्याचा श्वास अडला तर काय करायचं ते एकेक पायरीनं सांगणारा. आपण मोठ्यानं "झालं" म्हटलं की तो पुढची पायरी सांगतो. तो फक्त ऐकतो, बघत नाही.

"बेटा, आवाज तर स्टेशनवरच्या घोषणेसारखा आहे," मी चिडवायचो. "गाडी लेट झाली तर?"

"सर, तुमच्यापेक्षा कमी चिडतो तो."

मोहफुलं वेचायच्या दिवसांत एका दुपारी बुधराम नावाच्या गावकऱ्याला आणलं. जंगलात आग्या मोहोळ उठलं होतं. गळा सुजलेला, ओठ निळे. इंजेक्शनं दिली. तोंडातून नळी घालायला आधी मी बघितलं, मग मेघनानं — सुजेनं वाटच बुजलेली. मास्कनंही हवा आत जाईना.

"काऊन थांबले जी?" त्याची बायको दारातून ओरडली. "माहा माणूस मरून राहिला ना!"

आता गळ्याला समोरून छेद देऊन नळी घालणं, एवढंच उरलं होतं. माझे हात थरथरतात. मेघनानं हे कधी केलेलं नव्हतं. तिनं सहायक सुरू करून फोन एप्रनच्या खिशात टाकला, ब्लेड घेतलं आणि तो बोलू लागला — "कंठमण्याच्या खालची मऊ खाच बोटानं शोधा. सापडली की झालं म्हणा."

ती चाचपडत राहिली. बोट एका खाचेवर थांबलं. मला धीर निघेना, मीच ओरडलो, "झालं! झालं! पुढं सांग!"

पुढची पायरी छेदाची होती.

"नाही झालं," फोन म्हणाला. "ही वरची खाच आहे. बोट खाली घ्या."

तोच शांत आवाज. मेघनाचं बोट कंठमण्यावरून खाली उतरलं... थांबलं. "झालं," ती म्हणाली. छेद, नळी — आणि बुधरामची छाती वर आली. इतके स्थिर हात मी माझ्या उमेदीतही पाहिले नव्हते.

नंतर त्याच्या बायकोनं विचारलं, "बोट खाली घ्या म्हून कोन बोललं जी?"

मी म्हणालो, "मीच."

गावानं शाल-नारळ दिला, तोही घेतला. मेघनानं म्हाताऱ्याचा मान राखला. माझं ऐकलं असतं तर ब्लेड भलत्याच जागी गेलं असतं.

गेल्या महिन्यात बुधरामच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तो नुसता हसला. बायको म्हणाली, "मंग शाल त्या फोनले पांघरता का जी?"

शाल मी मेघनाला दिली.

तो सहायक बनवणाऱ्यांना तिनं विचारलं. "नाही झालं" असं वाक्य त्यात घातलेलंच नाही, म्हणाले. तरी केशोरीला गेलो की सरावाच्या पुतळ्यावर मी मुद्दाम वरच्या खाचेवर बोट ठेवतो, फोन खिशात ठेवतो आणि "झालं" म्हणतो.

दर वेळी तो म्हणतो, "छान. आता छेद द्या."