डबा आणि दप्तर

"हे लिहू का मी?"

एवढंच म्हणायच्या त्या. चष्मा कपाळावर चढवायच्या आणि समोरच्याचा चेहरा उतरेपर्यंत त्याच्याकडं बघत राहायच्या. शिपाई असो, हेडमास्तर असोत, की दाखल्यासाठी हुज्जत घालणारा पालक असो, या प्रश्नावर माणूस गप्प व्हायचा. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती खोलीत आली की बाकीचे आपापले शब्द तपासून बघतात.

मंचरजवळ, अवसरीच्या रस्त्याला आमची शाळा. मी तिथं विज्ञान शिकवायचे, त्या ऑफिसात क्लार्क होत्या. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. मला त्या आवडायच्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं गैरसमज नको.

'ब्लॉग' हा शब्द तेव्हा आमच्याकडं नवा होता. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या मुलीनं दिवाळीच्या सुट्टीत त्यांना तो काढून दिला आणि मराठीत टाइप करायला शिकवलं. बाईंनी त्याला नाव दिलं 'डबा आणि दप्तर'. डबा म्हणजे घर, दप्तर म्हणजे ऑफिस. शाळा सुटली की मंचरच्या स्टँडासमोरच्या नेट कॅफेत जाऊन बसायच्या. दोन्ही बाजूंना गोळ्या झाडायचा गेम खेळणारी पोरं, मधे या, पायाशी पिशवीत मेथीची जुडी. आज भाकरी का करपली, सासू काय म्हणाली, ऑफिसात कोण कुणावर डाफरलं, सगळं लिहायच्या. नावं नसायची. नाव नसलं तरी आमच्या गावात माणूस ओळखायला काय लागतं?

पहिला नंबर हेडमास्तरांचा लागला. 'आमचे साहेब डबा आणतात, पण त्यात चमचाच असतो. तो चमचा मग सगळ्यांच्या डब्यातून फिरतो.' कुणीतरी ते साहेबांना दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून साहेब एकटेच केबिनमध्ये जेवायला लागले आणि बाईंशी फक्त कामापुरतं बोलायला लागले.

त्यानंतर माझा. 'आमच्या एक मॅडम फोनवर नवऱ्याशी मधासारख्या बोलतात आणि फोन ठेवला की प्रयोगशाळेतल्या बेडकाला त्याचं नाव घेऊन शिव्या देतात.' माझ्या नणंदेनं ते पुण्यात वाचलं आणि आमच्या घरी जे व्हायचं ते झालं. मी तडक ऑफिसात गेले.

"बाई, हे काय लिहिलंय तुम्ही?"

"तुमचं नाव कुठं आहे त्यात?"

"शाळेत विज्ञान शिकवणारी बाई मी एकटीच आहे."

"मग खोटं आहे का? खोटं असेल तर सांगा, काढून टाकते."

खोटं नव्हतं, म्हणून तर राग जास्त होता. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आमची घरं एकाच आळीत, तरी मी रस्त्याच्या पलीकडून जायचे. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. उलट पुण्याहून, अमेरिकेहून बायका त्यांना लिहायच्या, 'ताई, किती खरं लिहिता तुम्ही.' बाई ते कागदावर छापून घ्यायच्या आणि ऑफिसातल्या आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे.

घरी त्यांचं ऐकून घेणारं कुणी नव्हतं, हे मला आळीत राहून माहीत होतं. नवरा चाकणच्या कंपनीत पाळीवर जायचा, यायचा, जेवायचा, झोपायचा. भिंतीला भिंत लावून धाकट्या दिराचं घर. दीर सोसायटीचा संचालक, पारगावच्या कारखान्याला ऊस, दारात गाडी. सासू थोरल्याकडं, म्हणजे बाईंकडं. सासू-सुनेचं बोलणं आम्हाला आळीच्या तोंडापर्यंत ऐकू यायचं.

"तुझ्या हातचं मीठ लईच स्वस्त झालंय का गं?"

"जास्त झालं असेल तर पलीकडं जा जेवायला. धाकटीचं अळणी असतं."

असं चालायचं. दोघींनाही त्यात खुमखुमी होती. भांडून झालं की म्हातारी त्याच ताटातलं निमूट जेवायची.

मग म्हातारी न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती उठून चालली नाही. आता सगळं पलंगावर. बाई पहाटे उठून तिचं सगळं करायच्या आणि मग शाळेत यायच्या. धाकटी जाऊ दारातनं डोकावून विचारायची, "बऱ्या हायत का आत्या?" आणि उत्तर यायच्या आत परत फिरायची.

बाईंनी तेही लिहिलं. मी बोलत नसले तरी वाचत होते, सगळेच वाचत होते. 'आत्यांना उचलायचं म्हणजे एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली. भांडं द्यायला उशीर झाला की चादर बदलायची. त्या रडतात, मी ओरडते. पलीकडच्या घरात मालिका चालू असते. आवाज मोठा असतो, म्हणजे इकडचा आवाज तिकडं जात नाही.'

त्या लिखाणाला आतापर्यंत कधी आली नव्हती एवढी पत्रं आली. कुणी लिहिलं, वाचून रडू आलं. कुणी लिहिलं, तुमच्या दिराला लाज वाटायला हवी.

दीर दुसऱ्याच आठवड्यात शाळेत आला. मधल्या सुट्टीत, सगळ्यांच्या देखत.

"वहिनी, आमची अब्रू चव्हाट्यावर मांडायला तुमाला दुसरा धंदा न्हाई का?"

बाईंनी चष्मा वर चढवला. समोर छापून ठेवलेला कागद उचलला आणि ते लिखाण पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवलं. व्हरांड्यात पोरं गोळा झाली. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, यात खोटं काय ते दाखवा. काढून टाकते."

 जाताना त्यानं तो कागद टेबलावरून उचलला, घडी घालून खिशात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मला तेव्हाच खटकलं. त्याला काहीतरी सुचलं होतं.

रविवारी सकाळी त्यानं आईला खुर्चीसकट अंगणात आणून बसवलं. उन्हात बसवा म्हणून बाईच बरेच दिवस मागं लागल्या होत्या, त्यामुळं त्यांना बरंच वाटलं. आळीतल्या चार बायका ओट्यांवर निवडायला बसल्या होत्या, मीही होते. दिरानं खिशातला कागद काढला.

"आई, वहिनी तुझ्यावर काय लिव्हती ते ऐक. अमेरिकेत वाचत्यात लोक."

आणि तो वाचत गेला. मानेखाली हात, गुडघ्यांखाली हात, भांडं, चादर. मालिकेचा भाग गाळून वाचला. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी थांबवलं नाही. आपण लिहिलेलं आत्यांना आवडेल असं त्यांना क्षणभर वाटलं असावं. त्यांचा चेहरा तसा होता.

म्हातारीनं पदर डोक्यावरून तोंडापर्यंत ओढला. 

"आत्या, मी खोटं काही लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"न्हाई ना. खोटं न्हाईच," म्हातारी पदराआडून म्हणाली. "पर माझं व्हतं ते. तुला करायला दिलं व्हतं, सांगायला न्हाई."

मग लेकाला म्हणाली, "मला तुझ्याकडं ने."

दिरानं खुर्ची उचलली. त्याला आई नको होती, फक्त वहिनीची जिरवायची होती, हे आळीला कळत होतं. पण आता एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार?

बाईंनी त्या आठवड्यात ब्लॉग बंद केला. मी नेट कॅफेत जाऊन बघितलं, ते पानच उघडेना. काचेखालचे कागदही गेले. ऑफिसात मात्र सगळ्यांना जोर चढला. शिपाई चहा ठेवताना म्हणायचा, "बाई, आज चहा पातळ झालाय, लिवा की राव." स्टाफरूममध्ये हसू फुटायचं. हेडमास्तर आपला डबा घेऊन पुन्हा बाहेर येऊन जेवायला लागले. बाई मान खाली घालून दाखले लिहीत राहायच्या. ज्यांनी पूर्वी त्यांच्यापुढं थरथर कापावं त्यांनी आता येता-जाता टपली मारून जावं, तसं चाललं होतं. मी हसले नाही. पण थांबा असंही कुणाला म्हटलं नाही. बेडकाची गोष्ट मी विसरले नव्हते.

भिंतीपलीकडं म्हातारीची आबाळ होत होती. धाकटीला किळस यायची. एक कामवाली ठेवली, ती टिकली नाही. पाठीला जखमा झाल्या. बाई ओट्यावर उभ्या राहून भिंतीकडं कान लावायच्या, हे मी पाहिलंय. एकदा भाकरी आणि आमटी घेऊन गेल्या, तर दिरानं दारातूनच परत पाठवलं. म्हातारीही आतून काही बोलली नाही.

चैत्रात एका दुपारी मी म्हातारीला बघायला गेले. मृत्यू जवळ आलाय असं सगळे म्हणत होते. खोलीत वास होता, धाकटी नाकाला पदर लावून उभी होती. म्हातारीनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, ओळखलं की नाही कोण जाणे.

"थोरलीला बोलवा," ती म्हणाली. "हिला उचलता येत न्हाई. दुखतंय लई."

धाकटीनं नवऱ्याकडं पाहिलं. तो बाहेर निघून गेला. मग मीच गेले आणि किती महिन्यांनी बाईंशी बोलले.

"बाई, आत्या बोलावतात."

त्यांनी विचारलं नाही की खरंच का. चुलीवरचं पाणी बादलीत ओतलं, जुन्या सुती साडीचे दोन तुकडे खांद्यावर टाकले आणि माझ्या पुढं चालत सुटल्या. खोलीत शिरल्यावर खिडकी लावून घेतली. धाकटीला म्हणाल्या, "तू जा." म्हातारीनं तोंड भिंतीकडं केलं होतं. बाईंनी एक हात तिच्या मानेखाली घातला, मग तो तसाच ठेवून माझ्याकडं वळून बघितलं.

"मॅडम, तुम्हीपण बाहेर थांबा."

मी बाहेर आले. मागून दार लागलं, आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

मी ओट्यावर बसून राहिले. पाणी ओतल्याचा आवाज येत होता. एकदा म्हातारी काहीतरी बोलली, मग बाई बोलल्या, मग बराच वेळ दोघीही बोलत होत्या, पण इतक्या हळू की शब्द लागत नव्हते.

म्हातारी त्याच आठवड्यात गेली. शाळेला सुट्टी लागताच बाईंनी बदली मागून घेतली आणि मुलीजवळ राहायला गेल्या. निरोपसमारंभ झाला नाही, त्यांनी करू दिला नाही. त्या दुपारी आत काय बोलणं झालं ते आळीत पुष्कळांनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. आणि बाईंनी ते कुठंही लिहिलं नाही.