घाटात अडकलेले बिऱ्हाड

आम्ही देवासहून निघालो तेव्हा आमच्या गाडीचे उजवे चाक थोरल्या पातीच्या राज्यात होते आणि डावे धाकट्या पातीच्या. देवासात गाव एक आणि राज्ये दोन, त्यामुळे काही गल्ल्यांत कोणाच्याही बैलगाडीचे असे होऊ शकते. पण आमची गाडी येताच दोन्ही राज्यांतली माणसे ओट्यांवरून उठून आत गेली. तो मी माझा मान समजलो आणि दोन्ही बाजूंना नमस्कार करीत पुढे गेलो. ती बिचारी आपले गुडघे वाचवीत होती, हे पुढे कळले.

गाडीत बिऱ्हाड थाटून हिंडायचा नाद मला आदल्या दोन हिवाळ्यांपासून लागला होता. मी एका पातीच्या दफ्तरात कारकून. बावीस वर्षे कागदांच्या गठ्ठ्यांशी काढलेल्या माणसाला उघड्या माळावर चूल पेटलेली पाहून जे सुख होते, ते शिकारीला जाणाऱ्या सरदारांना कळायचे नाही. पहिल्या वर्षी उज्जैन झाले, दुसऱ्या वर्षी कन्नौदकडची रानवाट. दोन्ही वेळा गाडी भाड्याची होती आणि तीत पाय पोटाशी घेऊन झोपावे लागे. यंदा मी घरचीच गाडी बांधविली. वर लाकडी छत, त्याला हिरवा रोगण, आत फळ्यांचा पलंग, पलंगाखाली डाळ-तांदळाचे खण, मागे उघडणारे दार, शेगडीला जागा आणि सर्वांच्या वर सोवळे वाळत घालायला कोणाचा हात लागणार नाही अशी काठी. काठीची कल्पना आमच्या कुटुंबाची. बाकीचे सगळे शहाणपण माझे.

त्यातले सर्वांत मोठे शहाणपण गाडीच्या रुंदीत होते. मला आडवे, पाय पसरून झोपायचे होते, म्हणून मी सुताराच्या फळीवर स्वतः निजलो आणि डोक्यापासून टाचेपर्यंत माप घ्यायला सांगितले. नेहमीच्या गाडीपेक्षा आखाची लांबी चांगली दीड वीत जास्त भरली.

"भिया, इत्ती चौडी मत करो," नानूराम सुतार म्हणाला. "लीक में नी बैठेगी."

लीक म्हणजे चाकोरी. माळव्याच्या काळ्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या गाड्या जाऊन जाऊन चाकांचे दोन खोल चर पडलेले असतात, आणि सगळ्या मुलखातल्या गाड्यांचे आख त्या चरांच्या मापाचे असतात. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. महूच्या छावणीत साहेबलोकांच्या रुंद गाड्या मी पाहिल्या होत्या आणि त्या पक्क्या सडकेवरून जात होत्या, एवढे मात्र सोयीस्करपणे विसरलो होतो.

"तू फळी काप," मी म्हणालो. नानूरामने फळी कापली.

या सगळ्या थाटात एक गोष्ट हौसेची नव्हती, ती सांगतो. कुटुंबाची थोरली बहीण, अक्का, नर्मदेकाठी धरमपुरीस दिलेली. आई लहानपणीच गेल्यामुळे अक्कानेच हिला वाढविले. नऊ वर्षांत दोघींची भेट नव्हती. दर वर्षी मी 'पुढच्या रजेत नक्की' म्हणत आलो. मध्यंतरी अक्काचे यजमान वारले, तेव्हाही मला रजा मिळाली नाही, किंवा मी नेटाने मागितली नाही. आता धाकट्या दिराबरोबर ती काशीवासाला निघाली होती. काशीला गेलेली म्हातारी माणसे परत येत नाहीत, ती त्यासाठीच जातात. निघण्याचा दिवस मार्गशीर्ष वद्य पंचमी, असे पत्र आले होते.

"भाड्याची हलकी दमणी करून जाऊ या. लवकर पोचू," कुटुंब म्हणाले.

"आपली गाडी असताना? आठवडाभर आधी पोचवतो तुला," मी म्हणालो.

इंदूरपर्यंत सडक पक्की होती आणि मी राजा होतो. सकाळी दार उघडून पलंगावरूनच सूर्य बघावा, दुपारी आंब्याखाली बैल सोडावेत, कुटुंबाने तीन दगडांवर पिठले-भाकरी करावी, गाडीवान भेरूलालने गोवऱ्यांत आपले बाफले (वाफवून भाजलेले कणकेचे गोळे) भाजावेत आणि तुपात बुडवून एक माझ्या ताटापासून अंतर राखून ठेवावा. मी तो कुटुंबाची पाठ वळली की खाई. तिला ते माहीत होते, कारण ती पाठ वळवून बराच वेळ तशीच बसे.

इंदूर सोडल्यावर मला अवदसा आठवली. "सडकेने काय, टांगेवालेही जातात," असे म्हणून मी गाडी आतल्या गाववाटेने धारकडे वळवायला सांगितली. कोसभर जातो न जातो तोच उजवे चाक लीकेत उतरले आणि डावे बाहेर वरच्या कडेवर राहिले.

"भाऊसाब, एक पैडो (चाक) मायने, एक बारे," भेरूलालने बातमी दिली.

"मग?"

"मग कंई नी. धार तक तिरछा चालांगा."

धारपर्यंत आम्ही खरोखरच तिरपे गेलो. दूध पातेल्याच्या एकाच काठाने उतू जाई. रात्री आडवे, पाय पसरून झोपण्याचे सुख मला मिळाले, पण झोप लागली की मी घरंगळत जाऊन कुटुंबाला फळीशी दाबून टाकी. दोन दिवसांनी तिने मध्ये डाळीची गोणी लावली. एका खेड्यात पारावरचा म्हातारा आम्हाला बघून उठून उभा राहिला. मी मान तुकवली. तो म्हणाला, "पडी री है कंई?" गाडी पडत नसून ती अशीच चालते, हे त्याला पटविण्यात भेरूलालचा बराच वेळ गेला.

एका बाजूने भार पडून पडून धारला पोचताना उजव्या चाकाचे आरे खिळखिळे झाले. लोहार आणि सुतार मिळून तीन दिवस गेले. कुटुंब रागावून बोलले असते तर बरे झाले असते. ती फक्त रोज सकाळी बोटांवर तिथी मोजी. आम्ही धार सोडले ती तृतीया होती, आणि षष्ठीच्या सकाळी आम्ही निमाडात उतरणाऱ्या घाटाच्या तोंडाशी होतो.

"काल निघाली असेल अक्का," ती म्हणाली. "याच घाटाने वर येणार. माथ्यावरून महूच्या स्टेशनची वाट फुटते. ती तिकडे वळली की संपलं."

"समोरून येईलच की. मी हाक मारतो."

"इकडून अक्काला ओळखणं तरी व्हायचं का?"

व्हायचे नव्हतेच. मी अक्काला आयुष्यात दोनदा पाहिले होते, दोन्ही वेळा पदराआडून. शिवाय बायकांच्या गाड्यांना पडदे असतात आणि धुळीत दोन गाड्या एकमेकींना ओलांडतात त्याला क्षणभरही लागत नाही. कुटुंब पुढच्या फळीवर, गाडीवानाच्या पाठीशी येऊन बसले. येणाऱ्या प्रत्येक पडद्याकडे ती डोळे फाडून बघत होती. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी बडबडतो तसा घाटाच्या सौंदर्याबद्दल बडबडू लागलो.

"खाली खूप सुंदर दरी..." एवढे मी म्हणालो आणि गाडीने मोठा आवाज केला.

घाटात एके ठिकाणी खडक फोडून वाट काढली आहे. लीक तिथे मातीत नसून दगडात झिजलेली आहे आणि दोन्ही बाजूंना भिंती. आमचे उजवे चाक दगडाच्या चरात उतरले, डावे चढले, आख खडकावर बसला आणि छताचा हिरवा कोपरा भिंतीत रुतला. बैलांनी एकदा ओढून पाहिले आणि माझ्यापेक्षा लवकर शहाणपण शिकून ते थांबले.

घटकाभरात घाट तुंबला. वरून सरदारपूरकडच्या कापसाच्या गाड्या, खालून निमाडच्या ज्वारीच्या, मध्ये आमचा बंगला. गाडीवान जमले. "कुण को ब्याव है?" (कोणाचे लग्न आहे?) एकाने विचारले. मी मालक आहे असे सांगितल्यावर त्याने जे म्हटले ते माळवीत होते, पण समजायला माळवी लागत नव्हती. गाडी उचलण्यासाठी ती रिकामी करणे भाग होते. माझे बिऱ्हाड घाटात एकेक करून बाहेर आले: पलंगाच्या फळ्या, लोणच्याच्या बरण्या, माझी रात्रीची कानटोपी, आणि ती डाळीची गोणी.

या गर्दीत कुटुंब गाडीतून केव्हा उतरले ते मला कळले नाही. पाहतो तर ती खालच्या रांगेतून चालली होती. दरबारच्या कारकुनाची बायको, एरवी देवळात जातानाही बोळाबोळाने जाणारी, नऊवारीचा ओचा खोचून प्रत्येक पडद्यापाशी थांबत होती आणि मोठ्याने हाक मारीत होती, "अक्का! अगं अक्का!"

एका पडद्यातून एक म्हातारी डोकावली. "बेन, म्हूं थारी अक्का नी," ती मायेने म्हणाली, आणि मग स्वतःच पुढच्या गाडीला ओरडून विचारू लागली. हाक गाडीवरून गाडीवर खाली गेली. मी खडकावर चढून बघत होतो. खाली पार वळणापाशी एका दमणीचा पडदा हलला आणि आतून बारीक आवाज आला, "चिमे?"

आमच्या कुटुंबाचे माहेरचे नाव चिमी आहे, हे मला लग्नानंतर एकोणीस वर्षांनी त्या घाटात कळले. ती धावत गेली. पुढचे मी पाहिले नाही, कारण मला नीट दिसेना. धूळ होती असे मी भेरूलालला सांगितले.

दोघी वाटेकडेच्या एका सपाट खडकावर बसल्या. दोघी रडत होत्या आणि दोघी एकदम बोलत होत्या. मग अक्का उठली, सोवळे नेसली आणि तीन दगड मांडू लागली. "भात मी टाकते," ती म्हणाली. "तू बैस. तुझ्या भातात अजून पाणी जास्तच होत असेल." एकोणीस वर्षे माझा संसार करणारी बाई गुडघ्यांना मिठी मारून लहान पोरीसारखी बसली होती.

तांदळाला आधण येते न येते तोच पंधरा-वीस जणांनी 'जै नरबदा मैया' म्हणून गाडी उचलली आणि ती सुटली. कोपरा मोकळा, आख धड, बैल जुंपायचा अवकाश. अक्काचे दीर दाजीबा खालून घाईने आले. "झालं ना रावसाहेब? चला, चला. संध्याकाळच्या आत माथा गाठायचाय."

मी भाताच्या पातेल्याकडे पाहिले. त्यावर अजून झाकणही पडले नव्हते.

मला आयुष्यात एकच विद्या नीट येते. तयार झालेले काम पुढे सरकू न देणे, ही ती विद्या. बावीस वर्षे मी दफ्तरात तेच केले होते. मी आखाशी वाकलो, बोट फिरवले आणि गंभीरपणे म्हणालो, "चीर दिसते आहे."

"कठे (कुठे)?" भेरूलाल म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले, मग खडकाकडे पाहिले, जिथे त्या दोघी बसल्या होत्या. "हां, भाऊसाब," तो म्हणाला, "घणी मोटी चीर है." आणि त्याने चाकाखाली दोन धोंडे सारले.

मग मी आखाची तपासणी केली. डावीकडून केली, उजवीकडून केली, खालून केली. दोरी मागविली, ती आखूड निघाली, दुसरी मागविली. कापसाच्या गाडीवाल्याने माझ्या तीर्थरूपांचा उद्धार केला, तो मी ऐकून घेतला. दाजीबांनी मला सर्वांदेखत गाढव म्हटले. त्याबद्दल मी त्यांचे आभार मानले, त्यामुळे ते आणखीच चिडले. उन्हे कलली. भात झाला, वाढला गेला, जेवणे झाली, उष्टी निघाली. अक्का धाकटीचे केस मोकळे करून विंचरू लागली, तशी मी तिसरी दोरी मागविली.

शेवटी वेणी झाली. मी भेरूलालला खूण केली. धोंडे निघाले, आमची गाडी मागे जाऊन रुंद जागेत उभी राहिली आणि घाट वाहू लागला. अक्काची दमणी आमच्या शेजारून गेली तेव्हा तिने पडदा पूर्ण वर केला होता. वळण येईपर्यंत दोघी एकमेकींना बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी गाडी माणसांच्या हातांवर तेवढ्या खडकापलीकडे उतरवून आम्ही धरमपुरीला गेलो. नर्मदेचे पाणी निळे आणि थंड होते, पैलतीराची नाव भाविकांनी भरून जात होती. कुटुंबाने स्नान केले आणि अक्काच्या कुलूप लागलेल्या घराच्या उंबऱ्यावर दोन फुले ठेवली. परत येताना मी कोणी न सांगता पक्क्या सडकेने आलो. या प्रवासात मी काय शिकलो असे कोणी विचारले, तर आपली गाडी किती रुंद असावी हे रस्त्याला विचारावे, हे एक. आणि भेटायला जायचे असेल तर गाडी कसली आहे हे न बघता निघावे, हे दुसरे. पण ते मी नऊ वर्षे उशिरा शिकलो.

देवासची टेकडी दिसू लागली तेव्हा कुटुंबाने विचारले, "त्या दिवशी गाडी दुपारीच सुटली होती ना?"

"कोण म्हणतं?"

"अक्का. भात टाकतानाच तिनं पाहिलं होतं. मी उठत होते तर हात धरून बसवलं. म्हणाली, 'बैस. ते शिव्या खातायत तोवर आपण बोलून घेऊ.'"

मला आनंद झाला आणि त्याहून जास्त शरम वाटली. नऊ वर्षांच्या बदल्यात मी तिला एक दुपार दिली होती, तीही चोरून. मी तसे तिला बोलून दाखविले.

टेकडीकडे बघत ती म्हणाली, "दुपार मोठी होती ती."