डिस्क एकच शे

तळोद्यातल्या आमच्या दवाखान्याचा सर्व्हर मंद झाला, म्हणून नंदुरबारहून एक माणूस आला होता. त्याचं नाव मी विचारलं नाही. एकाच सर्व्हरवर दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका खोक्यात दोन वेगळे संगणक असावेत तशी, चालायची, एकावर केसपेपर आणि दुसऱ्यावर माझी लॅब. त्याने केसपेपरच्या मशीनवर डिस्कचा वेग मोजायला लावला आणि शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत बसला. आकडा चढला की समाधानाने मान डोलवायचा.

इकडे माझी स्क्रीन अडकली. बाकावर डोंगरातली एक पोटुशी बाई रक्ताच्या रिपोर्टसाठी बसली होती. बाहेर तिच्या पाड्याकडची शेवटची जीप हॉर्न देत होती. नवरा आत डोकावत राहिला आणि शेवटी तिला उठवून घेऊन गेला.

मी ओरडलो तेव्हा त्याने मोजणी थांबवली, आणि रिपोर्ट लगेच निघाला. बाईच्या अंगात रक्तच नव्हतं, तिला तिथेच भरती करायला हवं होतं. तो माणूस कागद घेऊन जीपमागे धावला आणि कागद घेऊनच परत आला. त्या पाड्यावर फोन लागत नाही.

"मशीन दोन दिखतंस, पन डिस्क एकच शे," तो म्हणाला. "मी मोजी ऱ्हायंतू, म्हनीसन तुमनं अडकनं."

म्हणजे डिस्कच्या रांगेत तिच्या पुढे कोणी आजारी नव्हतंच, त्याची मोजणी उभी होती.

मग त्याने लॅबला वेगळी डिस्क जोडली. नीट चालतंय का ते पाहायला त्याने तिचाच रिपोर्ट पुन्हा काढला. तो क्षणात आला.