शांतादुर्गेच्या नावावरचं वादळ

वर्षाली हट्टी, हे सगळ्या मालवणला ठाऊक. पण त्या हट्टापायी ती सख्ख्या बापाशी वाकडं घेईल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

साल २००९. गुरुदासच्या छोट्याशा ऑफिसात ती प्रोग्राम लिहायची. धक्क्यावरच्या यंत्राला वाऱ्याचा वेग पुन्हा पुन्हा विचारायचा आणि वारा उठला की किनाऱ्यालगतच्या होड्यांना मोबाइलवर मेसेज धाडायचा, एवढंच त्याचं काम. नारळी पौर्णिमेनंतर होड्या त्याच्या भरवशावर सुटणार होत्या. त्यांत तिच्या बाबांची, रामचंद्र तांडेलांची, शांतादुर्गाही होती.

चाचणीसाठी खरा वारा कुठून आणायचा? म्हणून यंत्राच्या जागी एक खोटं फंक्शन बसवलेलं. कितीही वेळा विचारा, उत्तर एकच: वारा शांत. सगळ्या चाचण्या हिरव्यागार, म्हणजे पास! वादळाचं उत्तर का नाही, तर चाचणीत होड्यांची खरी नावं होती, आणि सणाच्या तोंडावर होडीच्या नावापुढे वादळ लिहायचं म्हणजे अपशकुन. गुरुदास स्वतः होडीवाल्यांच्याच घरातला, त्याचा हात धजेना.

वर्षालीचं डोकं फिरलं. अरे, वारा काय दरवेळी एकच उत्तर देतो? तिने खोट्या फंक्शनला नवी उत्तरं दिली: आधी शांत, मग पुन्हा शांत, मग वादळ. होडी घातली शांतादुर्गा. चाचणी लाल! प्रोग्राम पहिलंच उत्तर धरून बसला होता, पुढचं विचारतच नव्हता.

गुरुदास उसळला. "चूक सुधार, पण तां वादळ काढ. नायतर खोट्या होडयेचा नाव घाल."

"खोट्या होडयेक फोन खंयसून येतलो? मेसेज पोचता काय नाय, कसा कळतला?"

"मगे उद्यापासून घराकडेच रव."

"रवतंय. पण काढूचंय नाय!"

गुरुदासने थेट रामचंद्रांना फोन लावला. ते येईस्तोवर तिने प्रोग्राम दुरुस्त केला, पण वादळाला हात लावला नाही.

रामचंद्रांनी पडद्यावर आपल्या होडीचं नाव पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "गो, माज्याच होडयेचा नाव घातलंस?"

वर्षालीला रडू फुटत होतं, पण मान खाली गेली नाही. "मगे कोणाच्या होडयेचा घालू, बाबा? दुसऱ्याच्या बापाशीच्या?"

तिने चाचणी पुन्हा चालवली. वारा खोटा होता, मेसेज मात्र तिने मुद्दाम खरा ठेवला होता. रामचंद्रांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला: 'शांतादुर्गा, मागे फिरा.'

गुरुदास पुढे झाला. "काका, मी काढतंय तां..."

"हात लावू नको रे," रामचंद्र म्हणाले. "वादळ तसाच रवांदे."

होड्या सुटायच्या दिवसांत 'वादळ' हा शब्द त्यांच्या घरात कुणी तोंडातून काढत नसे. आज तो बाबांच्याच तोंडून ऐकला, आणि मग मात्र वर्षालीला रडू आवरलं नाही.